संशोधनाची श्रेणी आणि सत्याची चाड

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा भाग म्हणून २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी रचना लागू होऊ लागली. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४, दुसऱ्या सत्रात कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रात ६ असे १८ श्रेयांक या एका अंगासाठी राखले गेले. म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचा साधारण पाचवा हिस्सा आता संशोधनाचा आहे. पूर्वी पीएच.डी.च्या उंबरठ्यावर भेटणारा हा विषय आता एम.ए., एम.कॉम.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठ परिसरात या बदलाचे जे होईल ते होईल. परंतु त्याची खरी कसोटी जालन्यासारख्या जिल्ह्यात लागणार आहे, जिथे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा येथील शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली एस.टी.ने महाविद्यालयात येतात आणि घराण्यातील पहिले पदव्युत्तर पदवीधर म्हणून बाहेर पडतात.

धोरण स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो त्या श्रेयांकांपोटी विद्यार्थ्याकडून काय मागितले जाते आणि गुण कशाला दिले जातात, याचा. शिक्षणक्षेत्रातील जाणत्यांना विचारावे, तर जे चित्र समोर येते ते समाधानकारक नाही. संशोधन पद्धतीची परीक्षा म्हणजे व्याख्यांची परीक्षा. संशोधनाची वैशिष्ट्ये सांगा, गृहीतकाचे प्रकार लिहा, नमुना निवडीच्या पद्धती स्पष्ट करा, प्रश्नावली आणि मुलाखत यांतील फरक सांगा. बाजारात मिळणारे मार्गदर्शक परीक्षेआधी आठवडाभर वाचले की एवढे पुरते. ज्याने आयुष्यात एकही मुलाखत घेतली नाही, तो मुलाखत तंत्राचे दहा फायदे लिहून उत्तम श्रेणी मिळवतो. पुढे प्रकल्पाची वेळ येते. शंभर प्रश्नावल्या छापल्या जातात आणि कित्येकदा त्या दोन-चार मित्रांच्या हातांनी एका रात्रीत भरल्या जातात. मागील वर्षीच्या प्रकल्पातील गावाचे नाव बदलते, निष्कर्ष तेच राहतात. सोनेरी अक्षरांची बांधणी होते, स्वाक्षऱ्या होतात, तोंडी परीक्षा दहा मिनिटांत आटोपते आणि दहा गुणबिंदूंच्या मोजपट्टीवर जवळजवळ सारा वर्ग वरच्या दोन श्रेणींत जाऊन बसतो. सर्वांनाच सर्वोच्च श्रेणी मिळू लागली की ती श्रेणी कोणाविषयीच काही सांगत नाही. उन्हातान्हात चाळीस घरे हिंडून आलेली मुलगी आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रकल्प विकत घेणारा मुलगा यांच्या गुणपत्रिकेत फरक दिसत नसेल, तर ती व्यवस्था प्रामाणिक विद्यार्थ्याला अप्रामाणिकपणाचे पाठ देते, असेच म्हणावे लागेल.

याचा सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. राज्यभरातील महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक, ज्याच्या मानधनाचीच शाश्वती नाही, तो तीस विद्यार्थ्यांना तीस वेगवेगळ्या गावांत पाठवून त्यांच्या नोंदी कधी आणि कशाच्या बळावर तपासणार? चार श्रेयांकांचे साठ तास वेळापत्रकात असतात, परंतु त्यांतले बहुतेक फळ्यासमोरच संपतात. अंतर्गत गुण कमी दिले तर विद्यार्थी दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरतील, ही संस्थाचालकांची धास्ती. निकाल खाली आला तर मूल्यांकनात फटका बसेल, ही प्राचार्यांची चिंता. अशा साखळीत कडक गुणदान करणारा अध्यापक एकटा पडतो.

वरच्या पातळीवर उपाय झाले नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ आणि २०२२ अशी तीन वेळा पीएच.डी.ची नियमावली नव्याने केली. २०१६च्या नियमावलीने पूर्वअभ्यासक्रमासाठी किमान ८ श्रेयांक आणि त्यांतील किमान ४ संशोधन पद्धतीला दिले. २०२२च्या नियमावलीने किमान मर्यादा १२ श्रेयांकांवर नेली. त्यात उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के गुण आवश्यक ठरले. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा झाला. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम आले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा सादर करणे, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्षाची मनाई आणि त्यापुढे नोंदणीच रद्द, अशी चढती उतरंड ठरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावे वगळली, त्यानंतर 'केअर' नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. नियम वाढत गेले आणि नियमांतून वाट काढणारे त्याहून वेगाने वाढले. उसनी वाक्ये शोधणारे संगणकीय साधन शब्दांचे साम्य मोजते. प्रश्नावली लिंबाच्या पारावर भरली की वसतिगृहाच्या खोलीत, हे त्याला कळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर व्याख्या, प्रस्तावना आणि निष्कर्ष मिनिटभरात तयार मिळू लागले आहेत. घोकलेल्या मजकुराला गुण देणारी परीक्षा यापुढे विद्यार्थ्याची न राहता यंत्राचीच परीक्षा ठरेल.

हा सारा विद्वानांच्या वर्तुळातला वाद आहे, सामान्य माणसाचे त्यात काय अडले, असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०२३ मध्ये पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल राज्याच्या विधिमंडळातच ऐकू आला होता. त्या सवालाचे उत्तर जालना जिल्ह्याने त्याआधीच देऊन ठेवले होते. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे ऑगस्ट २०२३च्या अखेरीस सुरू झालेल्या उपोषणाने अवघा महाराष्ट्र ढवळून निघाला. मराठा आरक्षणाच्या मागणीविषयी समाजात भिन्न मते आहेत आणि त्या वादाचा निवाडा करणे हा येथील विषय नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, लाखो कुटुंबांचा प्रश्न अखेर येऊन थांबला तो जुन्या कागदांपाशी. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. शाळांचे प्रवेश निर्गम दाखले, महसुली दफ्तरे, निजामकालीन नोंदी यांची छाननी सुरू झाली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची चणचण सर्वत्र जाणवली. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटियरविषयी निर्णय घेतला तेव्हाही चर्चा पुन्हा त्याच मुद्द्यांभोवती फिरली: हा दस्तऐवज कोणता, त्यात नेमके काय नोंदले आहे, त्यातून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता येत नाही. हेच तर संशोधन पद्धतीचे प्रश्न आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या जोखडातून मुक्त झालेल्या मराठवाड्यात इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांना मोडीचे एक पान सरळ वाचता येते, हे प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावे. पुराव्याची पारख करणारी माणसे समाजाने घडवली नाहीत, तर त्याचे सर्वांत नाजूक प्रश्न अफवा आणि आवेश यांच्या हाती जातात. संशोधन पद्धतीचे गुणदान हा म्हणूनच सामाजिक सलोख्याचाही विषय आहे.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात संशोधनाला विषय मिळत नाही, अशी तक्रार कोणी करू नये. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत ज्या नगरीच्या दात्यांची नावे कोरली आहेत ती ही नगरी. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ मध्ये तेथे उत्खनन केले आणि डॉ. शांताराम देव व डॉ. रमेश गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्धही झाला. इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली एक मूर्ती याच भोकरदनच्या मातीतून वर आली. याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे आणि इंग्रज यांच्यात निर्णायक लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत तिचे नकाशे, रोजनिश्या आणि सेनापतींचे गोडवे भरपूर आहेत. त्या परिसरातील गावांच्या स्मृतीत, घराण्यांच्या दफ्तरांत, देवळांच्या आणि दर्ग्यांच्या कागदांत काय उरले आहे, याचा गावोगाव हिंडून शोध घेणे हे एका संपूर्ण वर्गाला पुरेल असे काम आहे.

वर्तमानही तितकेच समृद्ध आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांना उभी झाडे तोडावी लागली. एका गावात त्या वर्षी किती झाडे गेली, कोणी पुन्हा लावली, कोणी शेती सोडून जालन्याच्या पोलाद कारखान्यांची वाट धरली, याची घरोघर नोंद हा अर्थशास्त्राचा उत्तम प्रकल्प होईल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहभागातून कडवंचीत पाणलोटाचे काम उभे राहिले आणि त्या गावाने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा फुलवल्या. शेजारच्या गावाला ते का जमले नाही, हा प्रश्न कोणत्याही समाजशास्त्रज्ञाला आव्हान देणारा आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिकोची स्थापना केली आणि त्यांच्या बियाणे क्षेत्रातील कार्याला १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आकर्षक शोधप्रबंधांची शीर्षके या कार्यापुढे फिकी आहेत, कारण बियाण्याची परीक्षा शेतात होते. ते उगवले नाही तर कोणतीही श्रेणी त्याला वाचवू शकत नाही. विद्येलाही हाच निकष का लावू नये?

पद्धतशीर विचार ही पाश्चात्त्यांकडून आलेली देणगी आहे, असा एक न्यूनगंड आपल्या विद्यापीठांत खोल रुजला आहे. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत परदेशी लेखकांच्या व्याख्यांची रांग असते आणि भारतीय परंपरेचा उल्लेखही नसतो. वास्तविक गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांची चर्चा केली. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे अखेरचे प्रकरण ३२ तंत्रयुक्तींचे, म्हणजे शास्त्रग्रंथाची रचना आणि विवेचन कसे करावे याचे आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांनीही तंत्रयुक्ती दिल्या. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने आधी मांडायचे आणि मगच आपला सिद्धान्त सांगायचा, ही पूर्वपक्षाची शिस्त या भूमीतली आहे. ज्यांचा जन्म याच जिल्ह्यातील जांब या गावी झाला, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. अक्षर, ओळी, समास, कागद, शाई, लेखणी इतक्या बारकाव्यांचा विचार करणाऱ्या संताच्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या प्रकल्पाची पाने आपल्या नावाने बांधली जावीत, याची खंत वाटली पाहिजे.

समर्थांचे वाङ्मय आज विश्वासाने वाचता येते तेही एका संशोधकाच्या पायपिटीमुळे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून हिंडले, हस्तलिखिते गोळा केली, पाठ ताडून पाहिले. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा आणि १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले. स्वतःची गैरसोय सोसून गावोगावच्या दफ्तरांतील कागद त्यांनी वाचवले. ज्यांचे नाव मराठवाडा विद्यापीठाला दिले गेले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडन येथे रुपयाच्या प्रश्नापासून प्रांतिक अर्थकारणापर्यंत जे संशोधन केले, ते आकडे आणि सरकारी अहवाल यांच्या कसून केलेल्या छाननीवर उभे आहे. या तिघांचे मार्ग भिन्न होते, निष्ठा मात्र एकच होती. साधन हाती आल्याशिवाय विधान करायचे नाही.

हा निकष राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनीही स्वतःला लावला पाहिजे. इतिहासलेखनातील वसाहतवादी आणि डाव्या चौकटींवर टीका करण्याचा अधिकार तेव्हाच टिकतो, जेव्हा पर्यायी मांडणी अधिक भक्कम साधनांवर उभी असते. भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यासक्रमात समावेश झाला ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आपल्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते, एवढे ठोकून देऊन जो विद्यार्थी ग्रंथ, अध्याय आणि पाठ सांगू शकत नाही, त्यालाही कमी गुणच मिळाले पाहिजेत. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्यावर त्यांची शिस्त पाळण्याचे ओझे अधिक असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामागे भावना कोट्यवधींची होती; पण दावा उभा राहिला तो रंगनाथ पठारे समितीने शिलालेख आणि प्राचीन ग्रंथांच्या आधारे सादर केलेल्या अहवालावर. अस्मितेला पुराव्याची जोड मिळते तेव्हा काय साधते, याचे याहून ताजे उदाहरण नाही.

तेव्हा बदल करायचा तो गुणदानात. चार श्रेयांकांच्या शंभर गुणांतील व्याख्यांचा वाटा संपवून टाकावा. प्रश्नाची नेमकी मांडणी करण्याला दहा गुण असावेत. आधी कोणी काय म्हटले आहे, विशेषतः आपल्या मताविरुद्ध काय म्हटले आहे, त्याच्या आढाव्याला वीस. सर्वांत मोठा वाटा, तीस गुण, क्षेत्रकार्याची रोजनिशी आणि मूळ साधने यांना द्यावा: तारीखवार नोंदी, कोणाला कोणत्या स्थळी भेटले, कोणी माहिती नाकारली, कोणता कागद कोठे पाहिला. विश्लेषणाला वीस, स्वच्छ मराठी लेखनाला दहा आणि तोंडी परीक्षेला दहा. गृहीतक खोटे ठरले तर गुण कमी होता कामा नयेत, उलट ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचे कौतुक व्हावे. कारण आज ठरलेला निष्कर्ष सिद्ध करण्याच्या दडपणापोटीच आकडे रचले जातात. प्रत्येक वर्गातील काही प्रकल्पांची, चिठ्ठ्या टाकून, गावात जाऊन पडताळणी व्हावी. पाच प्रकल्पांची जरी अशी शहानिशा झाली, तरी उरलेले पंचवीस आपोआप सरळ होतील. इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी मोडीची ओळख या श्रेयांकांतच सामावून घ्यावी. आणि ज्या गावाने माहिती दिली, त्या गावाच्या ग्रामसभेसमोर निष्कर्ष वाचून दाखवण्याची प्रथा पाडावी. खोटी प्रश्नावली परीक्षकाच्या नजरेतून सुटेल, पण ज्यांच्या नावावर उत्तरे खपवली त्या माणसांसमोर ती टिकणार नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हाती आहे, अभ्यासमंडळे विद्यापीठाच्या हाती आहेत. शासनाने रिक्त पदे भरण्याचे आपले कर्तव्य टाळू नये, हे तर आहेच. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला क्षेत्रकार्याच्या तासांचे मानधन मिळाले नाही, तर वरील सर्व सूचना कागदावरच राहतील. पण समाजानेही आपला वाटा उचलावा. जिल्ह्यातील मठ, मंदिरे, जुन्या संस्था, व्यापारी पेढ्या आणि इनामदार घराणी यांनी आपली दफ्तरे अभ्यासकांसाठी खुली करावीत. निवृत्त शिक्षक, तलाठी आणि मोडी जाणणारे ज्येष्ठ यांनी आठवड्यातून दोन तास विद्यार्थ्यांसाठी द्यावेत. सामाजिक संस्थांनी आपल्या सेवावस्त्यांतील खरे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तरी ते ऐकून घ्यावे.

गुणपत्रिकेवरचे एक अक्षर ही किरकोळ बाब वाटते. परंतु उद्या हेच विद्यार्थी शिक्षक होतील, तलाठी होतील, पत्रकार होतील, ग्रामपंचायतीत निवडून जातील. पंचनाम्यात पाहिले तेच लिहायचे की सांगितले ते लिहायचे, याचा निर्णय त्यांना रोज करावा लागेल. ती सवय महाविद्यालयात, चार श्रेयांकांच्या या साध्या विषयात लागते किंवा मोडते. राष्ट्राची उभारणी ज्या असंख्य लहान नोंदींवर होत असते, त्या खऱ्या असाव्यात ही चाड जालन्याच्या मुलामुलींत निर्माण झाली, तर या श्रेयांकांचे चीज झाले, असे म्हणता येईल.